सेकंदाला साठ चित्रं

माझ्या भावाला जगायला दोन वेळचं जेवण, आठवड्यातून चारदा बांगडा आणि सेकंदाला साठ चित्रं लागतात. यातली तिसरी गोष्ट बंद पडली ती अकरा नोव्हेंबर दोन हजार चव्वेचाळीसला, सकाळी साडेसातच्या सुमारास. मी आयटीआयला जायला स्कूटर बाहेर काढत होते आणि किनाऱ्यावरच्या आमच्या तळाशील गावाहून दिगूचा फोन आला.

"ताय, चित्र अडाकता," तो म्हणाला. "थांबान थांबान येता. रुचिता चुलीकडे होती, आणि मगे एकदम माझ्या समोर. मधली रुचिता खय गेली?"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

दिगू म्हणजे दिगंबर खवणेकर, माझा पाठचा भाऊ, बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. इंजिनाला काय झालंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. सहा वर्षांपूर्वी जेटीवर होड्या ओढायच्या विंचचा दोर तुटला आणि त्याच्या कपाळावर बसला. डोळे शाबूत राहिले, पण डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा गेल्या. वर्षभराने पुण्यात त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात, मेंदू जिथे 'बघतो' त्या जागेवर, केसाहून बारीक अशा अठरा हजार सुयांची एक चकती बसवली. चष्म्यात कॅमेरा आणि कमरेला एक डबा. कुठल्या सुईने कधी झिणझिणायचं ते डबा ठरवतो, आणि दिगूला करड्या ठिपक्यांचं जग दिसतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण कॅमेऱ्याचं चित्र जसंच्या तसं मेंदूत ओतून चालत नाही. प्रत्येक मेंदूचा नकाशा वेगळा. शेजारशेजारच्या दोन सुया दिगूला एक ठिपका कपाळाजवळ आणि दुसरा पायाशी दाखवतात. म्हणून डब्याने आधी ओळखायचं, की समोर जवळ काय, लांब काय, पायरीची कड कुठे. आणि मग ते सगळं दृश्य दिगूच्या नकाशाप्रमाणे नव्याने रेखाटायचं. या रेखाटण्याला रेंडरिंग म्हणतात. ते करायचं सेकंदाला साठ वेळा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एकटा. टोपलीभर कोळंबी सोलायला एक पदवीधर बसवा आणि बघा गंमत. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो साधे हात असतात, ओळीने बसून एकाच वेळी सोलणारे. डब्यात तळहाताएवढं तसं एक कार्ड होतं, आणि सगळं चालवायला लिनक्स, म्हणजे मी आमच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं शिकवते तीच प्रणाली.

आता, कार्डाशी बोलायला लिनक्सला दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दिगूच्या डब्यातला ड्रायव्हर कंपनीने कुलूपबंद ठेवला होता. त्याच्या आत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून. प्रकाशवेध नावाची ती कंपनी ऑक्टोबरात दुसऱ्या एका कंपनीने गिळली, आणि जाता जाता कुणीतरी सगळ्या डब्यांना एक शेवटचं अपडेट पाठवून दिलं. लिनक्स नवं झालं आणि दुभाष्या जुनाच राहिला. दोघांचं पटेना, तेव्हा डब्याने निमूटपणे कार्ड बाजूला टाकलं आणि सगळं रेखाटण्याचं काम त्या एकट्या पदवीधराच्या गळ्यात मारलं. सेकंदाला दोन चित्रं.

दोन चित्रांवर माणूस चालू शकत नाही. पायरी दिसते तेव्हा पाय आधीच पुढे गेलेला असतो. तिसऱ्या दिवशी दिगू जेटीवरून खाली होडीत पडला, गुडघा फोडून घेतला, आणि सारखं गरगरून उलट्या होत होत्या त्या वेगळ्याच. त्याने चष्मा काढून फळीवर ठेवला.

पुण्याच्या डॉक्टर अंतरकरबाईंना मी फोन केला. "मेंदू रिकामी जागा ठेवत नाही हो," त्या म्हणाल्या. "चकतीकडून नीट संदेश आले नाहीत, तर तो भाग ऐकण्याला, स्पर्शाला देऊन टाकतो. बिघडल्यापासून नव्वद दिवस धरा. त्यानंतर डबा सुरू झाला तरी त्याचा उपयोग नाही."

मी कॅलेंडरवर नऊ फेब्रुवारीला लाल गोल काढला.

त्याच आठवड्यात नव्या कंपनीचं पत्र आलं. जुना डबा परत करा, नवा घ्या. नव्या डब्यात कार्डच नव्हतं. चित्र कंपनीच्या केंद्रात रेखाटलं जाणार आणि मोबाईल नेटवर्कवरून दिगूच्या डोक्यात येणार. जुनी सगळी सेटिंग, ओळखीचे चेहरे, सगळं जसंच्या तसं मिळेल, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी तळाशीलला जाऊन पत्र दिगू-रुचिताला वाचून दाखवलं.

"घेवया," रुचिता लगेच म्हणाली.

रुचिता ही दिगूची बायको. कधी आवाज चढवणार नाही, कधी मध्ये बोलणार नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या ओठाशेजारी कोडाचा पहिला डाग आला, आता अर्धा डावा गाल आणि हनुवटी पांढरी झाली होती. गावातल्या बायका मागे कुजबुजायच्या. दिगूने मात्र त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि मला माझ्या भावाचा याबाबतीत फार अभिमान होता.

"हय नेटवर्क खय आसा?" दिगू म्हणाला. "बोटीर पाय ठेवलंय काय मी आंधळो. माका भाड्याचो डोळो नको."

"मगे बोटीर जाव नकात!" रुचिता म्हणाली. आवाज चढवून म्हणाली.

"डबो माका दे," मी दिगूला म्हटलं. "लिनक्स माझा आसा. मी करतंय."

"तुमच्या हट्टापायी तेंचे दिवस फुकट जातले, ताय," रुचिता म्हणाली आणि उठून मागच्या दारी गेली. तिचं बोलणं मला लागलं. खोटं का सांगू, त्यामुळे माझा हट्ट आणखीच वाढला.

लॅब साडेचारला सुटते. त्यानंतर सातपर्यंत मी डब्यासमोर बसायचे. रविवारी सकाळीही बसायचे.

जगात हौशी माणसं असतात म्हणून बरं. कंपन्या सांगत नाहीत ते कार्डाला हजार प्रश्न विचारून, त्याची उत्तरं टिपून, काही लोकांनी या जातीच्या कार्डांसाठी एक मोकळा ड्रायव्हर लिहून ठेवला होता. तो दिगूच्या कार्डाच्या मोठ्या भावासाठी होता. धाकट्याला लिनक्स ओळखच दाखवेना. ड्रायव्हरच्या यादीत त्याचा क्रमांक घातला, तेव्हा ओळख पटली, पण कार्ड तोंड उघडेना. सुरू होताना त्याला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो डब्याच्या जुन्या डिस्कवर एका कोपऱ्यात सापडला. ती डिस्क चाळताना 'चेहरे' नावाचा एक फोल्डरही दिसला. आत चौतीस फायली. मला त्यांचं काम नव्हतं, मी पुढे गेले.

डिसेंबर असा गेला. मग कार्ड जागं झालं, ड्रायव्हर बसला, आणि तरीही चित्रं दोनच. बारा दिवस मी ड्रायव्हरची ओळ न् ओळ उकरली. शेवटी कळलं, की ड्रायव्हर अगदी ठणठणीत होता. लिनक्समध्ये कार्डाला हात लावायची मुभा 'रेंडर' नावाच्या गटातल्यांनाच असते, आणि चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला त्या गटात घालायला मी विसरले होते. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना दुसऱ्या आठवड्यात शिकवते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! एक छोटी आज्ञा दिली, आणि पडद्यावरचा चाचणीचा ठोकळा गरगर फिरायला लागला. सेकंदाला साठ! मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या.

चार मिनिटांनी ठोकळा थिजला. कार्ड गायब. पुन्हा सुरू केलं, पाच मिनिटं चाललं, पुन्हा गायब.

वीस जानेवारी होती. सत्तर दिवस संपले होते.

दिगू रोज फोन करायचा, पण डब्याचं विचारायचा नाही. "आज भरत्येची गाज जास्त ऐकाक येता," एकदा म्हणाला. "पयली अशी ऐकाक येत नव्हती." मेंदूने जागा द्यायला सुरुवात केली होती, हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. फोन ठेवून मी रडले आणि परत डब्यासमोर बसले.

घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. संगणक आपण काय काय केलं ते एका नोंदवहीत लिहीत असतो. मी पोरांना सांगते, नोंद वाचायची तर वरून वाचा, शेवटची ओळ ही फक्त रडण्याचा आवाज असतो. आणि मी स्वतः आठवडाभर शेवटच्या ओळीच वाचत होते. सत्तावीस तारखेला मी वरून वाचायला बसले. पहिल्याच पानावर एक ओळ शेकडो वेळा आली होती: कार्डाकडून आलेला संदेश चुकला, दुरुस्त केला, चुकला, दुरुस्त केला. म्हणजे दुभाष्या बरोबर होता. मधल्या वाटेतच शब्द गळत होते.

इतके दिवस मी डिस्क काढायची बाजूची खाच सोडून डबा उघडला नव्हता. स्क्रू ड्रायव्हर हातात घेणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वायरमन शाखेचं काम, असा आमचा तोरा. आता चार स्क्रू काढले आणि कार्ड खाचेतून उपसलं. त्याच्या सोनेरी दातांना पिवळं ग्रीस फासलेलं होतं. नीट, बोटाने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी केलं होतं. आणि नवा डबा कुणाला हवा होता, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तळाशील गाठलं. दिगूला कुणीतरी इंजिनाचा आवाज ऐकायला जेटीवर नेलं होतं. रुचिता मागच्या पडवीत मासे साफ करत होती.

"डब्यात ग्रीस कोणी लावल्यान?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"मी," ती म्हणाली.

"नवो डबो मेळूचो म्हणान? घोवाचे डोळे गेले तरी चलात तुका?"

तिने कोयता बाजूला ठेवला. एकेक शब्द वेगळा काढून बोलली. "चार वर्षां लावतंय, ताय. दर महिन्याक. तेंनीच शिकवल्यानी. खारो वारो तांब्याक खाता, टर्मिनलाक ग्रीस नाय लावला तर बॅटरी मरता. आमच्या हरेक बोटीत लावतंव. डब्याचो पंखो साफ करूक उघडतंय, तेवा तेकापण लावतंय."

मी तिथेच पायरीवर बसले. बरोबर होतं. बॅटरीच्या जाड टर्मिनलला ग्रीस लावतात, किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. कार्डाचे दात मात्र केसाएवढे, तिथे ग्रीस म्हणजे बोळा. कंपनीचा जुना ड्रायव्हर सावकाश बोलायचा, म्हणून चार वर्षं चालून गेलं. माझा ड्रायव्हर भरभर बोलायला गेला आणि अडखळला. रुचिताने डबा बिघडवला नव्हता. तिच्या परीने ती तो जपत होती, आणि मी तिला काय काय बोलले होते! जीभ हासडून द्यावीशी वाटली.

"मी चुकलंय," मी म्हटलं. "माफ कर माका."

"पण नवो डबो माका व्हयोच होतो," ती म्हणाली. "तां खरां आसा."

"कित्याक?"

तिने हाताच्या मागच्या बाजूने स्वतःच्या पांढऱ्या गालाला स्पर्श केला. "ह्यां तेंका म्हायत नाय."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली. पहिला डाग आला तेव्हा ती घाबरत घाबरत दिगूसमोर जाऊन बसली होती. तो म्हणाला, आज बरी दिसतंस. तिला वाटलं, मन राखायला म्हणतोय. डाग वाढले, तरी तो काही बोलेना. "मगे एक दिवस मी मुद्दाम सगळ्या तोंडाक काजळ फासलंय," ती म्हणाली. "तशीच समोर गेलंय, जेवाण वाढलंय. तेंनी म्हटल्यानी, कालवणात मीठ कमी आसा. तेवा माका कळला."

आणि मलाही कळलं. 'चेहरे' फोल्डर. चौतीस फायली. ओळखीचा चेहरा दर वेळी नव्याने रेखाटायचा म्हणजे यंत्राला फुकटचं काम. म्हणून कंपनीने सोपी वाट काढली होती. पहिल्या दिवशी टिपलेला चेहरा साठवायचा, आणि तो माणूस दिसला की त्याच्या मानेवर तोच चिकटवायचा. आवाजाबरोबर ओठ हलवायचे, हसण्याच्या आवाजाला हसू लावायचं. माझा भाऊ पाच वर्षं बायकोचा एकच चेहरा बघत होता, मार्च दोन हजार एकोणचाळीसचा. त्याचा मोठेपणा म्हणून मी जे चारचौघांत मिरवत होते, ते त्याला दिसतच नव्हतं. आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसत असूनही मी या पोरीला तीन वर्षांत एकदाही जवळ घेऊन विचारलं नव्हतं. कंपनीला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

"नव्या डब्यात जुने चेहरे ऱ्हवतले म्हणान पत्रात लिवल्यानी. तुमच्या मशीनीतपण माझो जुनोच चेहरो घाला, ताय," रुचिता म्हणाली. "येवढां करा."

खरं म्हणजे ते एका ओळीचं काम होतं. एक आकडा. एक लिहिलं तर साठवलेले चेहरे, शून्य लिहिलं तर कॅमेऱ्यासमोर असेल ते. मी सरळ तोंडावर बोलणारी बाई. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, खोटं चित्र मी कुणाच्या डोक्यात घालणार नाही. पण डोळा दिगूचा असला तरी चेहरा हिचा होता. तो जगाला दाखवत ती तीन वर्षं बाजारात जात होती, मी नव्हे.

"मी घालूचंय नाय, काढूचंयपण नाय," मी म्हटलं. "ती ओळ तुका दाखवतंय. काय लिवचा तां तू ठरव. पण लिवलंस काय तां दिगूक सांगूचा तुझ्याच तोंडान."

तिने कोयता उचलला आणि पुढचा मासा ओढला.

लॅबमध्ये परतल्यावर कार्डाचे दात मी अल्कोहोलने धुतले, शाळेतल्या खोडरबराने घासले, पुन्हा धुतले. ठोकळा पाच मिनिटं फिरला, दहा मिनिटं फिरला, मग सबंध दुपार फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी लॅबची घंटा होईपर्यंत फिरला. नोंदवहीत एकही चूक नव्हती.

तीन फेब्रुवारीला, चौऱ्याऐंशीव्या दिवशी, मी डबा घेऊन तळाशीलला गेले. रुचिता तांदळाच्या पिठाचे घावणे काढत होती. मी तिला आतल्या खोलीत बसवलं, डब्याला लॅपटॉप जोडला, ती ओळ उघडून दिली आणि बाहेर येऊन पडवीत दिगूजवळ बसले.

"रुचिता आत काय करता?" त्याने विचारलं.

"काम आसा तिका," मी म्हटलं.

बराच वेळ गेला. इतका, की मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. मग ती डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिला. मी तिच्याकडे बघितलं, पण तिच्या तोंडावरून काही कळेना. मी विचारलं नाही. डबा दिगूच्या कमरेला बांधला, चष्मा चढवला, आणि बटण दाबलं.

आधी तो नुसता थरथरला. मग त्याने दोन्ही हातांनी पडवीचा खांब धरला. "ठिपके," तो म्हणाला. "सगळीकडे ठिपके." डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, घाई करू नका, मेंदूला जुनी वाट शोधू द्या. आम्ही थांबलो. हळूहळू त्याची मान वळायला लागली, आधी दाराकडे, मग अंगणाकडे.

"डावीकडे खाली काळोख आसा," तो म्हणाला. नजरेचा तेवढा तुकडा आमच्या हातून गेला होता, माझ्या बारा दिवसांत आणि त्या एका आठवड्यात. मग तो एकदम ओरडला, "ताय, माड हलता! अडाकत नाय गो, हलता!"

मला हुंदका आवरेना. पण मी रुचिताकडे बघत होते. ती पुढे आली, आणि त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, जमिनीवर बसली. पदर सारखा केला आणि हनुवटी वर केली.

दिगूने तिच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोण गो?" तो म्हणाला.

"मी," रुचिता म्हणाली.

आवाज ऐकून तो सैलावला. पुढे वाकून निरखायला लागला, मग हसला. "घावण्यांचा पीठ लागलां गो तुझ्या तोंडाक," तो म्हणाला, आणि हात पुढे करून त्याने अंगठ्याने तिचा गाल पुसला. पुन्हा पुसला. मग जरा जोर लावून हनुवटी पुसली.

"तां जावचां नाय," रुचिता म्हणाली. "तीन वर्षां झाली. तुमका दिसत नव्हतां."

दिगूचा अंगठा होता तिथेच थांबला. तो तिच्याकडे बघत होता, आणि इंजिनाचा आवाज ऐकताना तो जसा गप्प होतो तसा गप्प होता. मग त्याने अंगठा गालावरून वर नेला, तिच्या डोळ्याखाली, जिथे पाणी ओघळलं होतं.

"ह्यां जायत," तो म्हणाला, आणि ते पुसलं.